वाचक विचारतात : चमचे वितळवणारं गाव

प्रश्न : ताई, मुलगा नोकरीनिमित्त माँट्रियलला असतो. यंदा मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. एका सोमवारी सगळीकडे सुट्टी होती. मुलगा म्हणाला, बाकीच्या कॅनडात आज व्हिक्टोरिया राणीचा दिवस आहे, पण इथे दुसराच काहीतरी आहे, चला दाखवतो. तासाभराच्या अंतरावर नदीकाठी सँ-दनी नावाचं लहानसं गाव आहे, तिथे नेलं. घरोघरी हिरवे-पांढरे-तांबडे झेंडे लावलेले. काही झेंड्यांवर तोंडात चिलीम आणि हातात बंदूक घेतलेल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. सगळं फ्रेंचमध्ये असल्याने आम्हाला फारसं कळलं नाही. इथे नक्की काय घडलं होतं? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. मी मुंबईत शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर मुलीकडे, नदीपलीकडच्या बाजूला राहायला आले. इथे आल्यावर मला पहिलं कोणतं गाव आपलं वाटलं असेल तर ते सँ-दनी. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, तेवढं सांभाळून घ्या.

तुम्ही पाहिलीत ती रिशलियू नदी. न्यूयॉर्ककडच्या शाँप्लेन सरोवरातून निघून उत्तरेला वाहते आणि सोरेल गावापाशी सेंट लॉरेन्सला मिळते. फ्रेंच लोक आले तेव्हा ते हिला इरोक्वा नदी म्हणत, कारण इरोक्वा नावाच्या मूळ रहिवाशांच्या होड्या याच वाटेने उत्तरेला यायच्या. सँ-दनीची जहागीर 1694 साली फ्रेंच राजवटीत दिली गेली. तुम्ही चिपळूणचे, म्हणून सांगायला सोपं जातं : तिथला ‘सेन्यर’ हा बराचसा आपल्याकडच्या खोतासारखा. जमीन त्याच्या नावावर, कसणारा त्याला दरवर्षी ठरलेला सारा देणार. गावात गिरणी बांधायची जबाबदारी सेन्यरची. कुळाने मात्र दळण त्याच गिरणीत न्यायचं आणि चौदावा हिस्सा तिथेच ठेवून यायचा. ही पद्धत कायद्याने गेली ती 1854 साली.

रस्त्याने जाताना शेतं पाहिलीत का? अरुंद आणि लांबच लांब पट्टे, नदीला काटकोनात. तीन आर्पाँ रुंद आणि तीस-चाळीस आर्पाँ लांब, म्हणजे पावणेदोनशे मीटर रुंदी आणि मागे पावणेदोन ते सव्वादोन किलोमीटरपर्यंत जंगलात गेलेली जमीन. नदी हाच रस्ता असल्याने प्रत्येकाला काठावर तोंड हवं होतं. त्यामुळे घरं काठाने ओळीत, शेजाऱ्याची हाक ऐकू येईल अशी. पुढे बापाच्या जमिनीच्या वाटण्या होत गेल्या, तेव्हा पट्टे उभेच चिरले गेले आणि आणखी अरुंद झाले.

1763 च्या पॅरिस तहाने हा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्याच तहात पाँडिचेरी, चंद्रनगर आणि माहे फ्रान्सला परत मिळाले, पण कॅनडा गेला तो गेलाच. गावकऱ्यांचा धर्म, भाषा आणि सेन्यरची पद्धत इंग्रजांनी राहू दिली. 1791 साली निवडून दिलेली विधानसभाही दिली. पण तिच्या डोक्यावर नेमलेल्या लोकांचं एक मंडळ बसवलं आणि त्यावर गव्हर्नर. सभेने कायदा करायचा आणि मंडळाने तो अडवायचा. जनतेच्या पैशाचं काय करायचं, हेही जनतेच्या माणसांच्या हातात नाही. सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. 1834 मध्ये सभेतल्या पात्रिओत, म्हणजे ‘देशभक्त’, पक्षाचा पुढारी लुई-जोसेफ पापिनो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 92 ठराव करून लंडनला पाठवले. उत्तर आलं ते 1837 च्या मार्चमध्ये : एकही मोठी मागणी मान्य नाही, उलट सभेला न विचारता तिजोरीतले पैसे काढायची गव्हर्नरला मुभा. याच काळात गव्हावर कीड पडत होती, पिकं बुडत होती आणि 1832 मध्ये जहाजांबरोबर पटकीही येऊन गेली होती.

मग लोकांनी काय केलं, तर विलायती मालावर बहिष्कार घातला. आपल्याकडे 1905 साली पेटलेल्या परदेशी कपड्यांच्या होळ्या शाळेत सगळ्यांनीच वाचल्यात. इथे अडुसष्ट वर्षं आधी, 1837 च्या ऑगस्टमध्ये, पात्रिओत पक्षाचे आमदार घरी विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचे कपडे घालून क्वेबेक शहरातल्या विधानसभेत आले. त्या कापडाला ‘एतॉफ द्यु पेई’ म्हणतात, म्हणजे देशी कापड. तसल्या विणीचा एक तुकडा मी एका हस्तकलेच्या जत्रेत हातात घेतला होता. राखाडी, जड, घोंगडीसारखा. पाण्यात तुडवून घट्ट केल्यामुळे विणीचे धागे वेगळे दिसतच नव्हते. विणणाऱ्या बाई म्हणाल्या, हा ओला झाला तरी आत ऊब राहते. तो तुकडा खूप वेळ माझ्या हातातून सुटेना.

23 ऑक्टोबरला शेजारच्या सँ-शार्ल गावी सहा परगण्यांतले हजारो लोक जमले. पापिनो म्हणत होता, बहिष्कार चालू ठेवा, कायद्याची वाट सोडू नका. तेव्हा सँ-दनीचे डॉक्टर उठले आणि म्हणाले, आता घरातल्या कथलाच्या ताटल्या-चमचे वितळवून गोळ्या ओतायची वेळ आली आहे. हे डॉक्टर म्हणजे वुल्फ्रेड नेल्सन. जन्माने इंग्रजी बोलणारा, 1812 च्या अमेरिकेविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने शल्यवैद्य म्हणून गेलेला, सँ-दनीत राहून फ्रेंच शेतकऱ्यांची दुखणी बघणारा आणि गावात दारूची भट्टी चालवणारा. हा लढा म्हणजे फ्रेंच विरुद्ध इंग्रज, असं कोणी तुम्हाला सांगितलं तर नेल्सनची आठवण करून द्या.

हे बंड दडपायला 22 नोव्हेंबरच्या रात्री इंग्रज फौजेचा कर्नल चार्ल्स गोर सोरेलहून सुमारे तीनशे शिपाई आणि तोफ घेऊन निघाला. पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. वाटेतल्या सँ-उर्स गावात लोक सावध होतील म्हणून त्याने मागची वाट धरली आणि शिपाई रात्रभर चिखलातून चालले. हा चिखल मी पायाने ओळखते. या खोऱ्याची माती म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाची चिकणमाती आहे. एका नोव्हेंबरमध्ये मी मुद्दाम त्या काठाने चालले, तर दहा पावलांत प्रत्येक बुटाला शेरभर माती. ती झटकून पडत नाही, काडीने खरवडावी लागते. त्या शिपायांनी असं रात्रभर चालून सकाळी गाव गाठलं आणि लगेच लढाईला उभे राहिले. तेही कुणाची तरी पोरंच होती.

गावाने देवळाची घंटा बडवून आसपासच्या लोकांना बोलावलं होतं. त्या घंटेला आजही स्वातंत्र्याची घंटा म्हणतात. बंदुका थोड्यांकडेच होत्या, बाकीच्यांच्या हातात काठ्या आणि गवताचे पंजे. माणसं सँ-जेर्माँ नावाच्या विधवा बाईंच्या दगडी घरात शिरली आणि वरच्या मजल्यावरून गोळ्या झाडू लागली. तोफेच्या माऱ्यात त्या घरातही माणसं मेली. दुपारी पलीकडच्या सँ-आंत्वानकडून होड्यांतून मदत आली आणि तीनच्या सुमारास गोरने माघार घेतली. गोठत चाललेल्या चिखलात तोफ ओढवेना, ती तिथेच टाकून गेला. पात्रिओतांची बारा माणसं गेली, सैन्याची सहा. 1837-38 च्या साऱ्या बंडात पात्रिओतांनी जिंकलेली मोठी लढाई ही एवढीच.

त्याच दिवशीची एक गोष्ट गावाला दुखते, पण ती सांगितली पाहिजे. लेफ्टनंट जॉर्ज वेअर नावाचा तरुण अधिकारी गोरसाठी निरोप घेऊन निघाला होता. गोरने वाट बदलल्याचं त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो सरळ रस्त्याने फौजेच्या आधीच सँ-दनीत पोचला आणि पकडला गेला. बांधलेल्या अवस्थेत पळायचा प्रयत्न केला तेव्हा पहारेकऱ्यांनी त्याला मारून टाकलं. त्याचं प्रेत पुढे नदीत दगडांखाली सापडलं आणि वेअरचं नाव घेत सैन्याने दुसऱ्या गावांत सूड उगवला. वेअर 32 व्या पलटणीचा. हीच पलटण वीस वर्षांनी, 1857 मध्ये, लखनौच्या रेसिडेन्सीत वेढ्यात सापडली होती. हे मला प्रथम लक्षात आलं तेव्हा मी उठून दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी मांडून बसले.

दोनच दिवसांनी सँ-शार्ल पडलं. डिसेंबरच्या सुरुवातीला गोर मोठी फौज घेऊन परत आला. लढायला कोणी उरलं नव्हतं. नेल्सनचं घर, भट्टी, सँ-जेर्माँबाईंचं दगडी घर आणि कितीतरी घरं त्याने जाळली. कडाक्याच्या थंडीत बायकापोरं उघड्यावर आली. नेल्सन अमेरिकेच्या सीमेकडे जाताना पकडला गेला आणि त्याला बर्म्युडाला पाठवलं. 1838 मध्ये पुन्हा उठाव झाला. त्यानंतर माँट्रियलच्या तुरुंगापुढे बारा जणांना फाशी झाली आणि अठ्ठावन्न जणांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं. चर्चने बंडाला आधीच पाप ठरवलं होतं, त्यामुळे लढून मेलेल्यांना धर्मविधीने मूठमातीही नाकारली गेली. मला या साऱ्यातलं हेच सर्वांत कठोर वाटतं.

तुमचा झेंडा याच पात्रिओतांचा. चिलीमवाला म्हातारा त्यांच्या काळातला नाही. त्याचं चित्र आँरी ज्युलियाँ नावाच्या चित्रकाराने पुढे काढलं आणि झेंड्यावर तो त्याहूनही उशिरा आला. पण त्याची लोकरी टोपी आणि कमरेचा विणलेला पट्टा या शेतकऱ्यांचाच. आणि तो सोमवार? 25 मेच्या आधीचा सोमवार माँट्रियलच्या क्वेबेक प्रांतात 2003 पासून पात्रिओतांचा दिवस म्हणून पाळतात. व्हिक्टोरिया गादीवर आली तीच मुळी 1837 च्या जूनमध्ये. ज्या राणीच्या नावाने सँ-दनी जाळलं, तिच्याच सुट्टीच्या दिवशी तुम्ही तिथे उभे होतात.

प्रश्न : तुमच्या मागच्या एका उत्तरात तुम्ही क्वेबेकच्या फ्रेंच लोकांबद्दल ‘इंग्रजांच्या अमलाखाली भरडलेले’ असं लिहिलं होतंत. पण ते स्वतःच तर दुसऱ्यांच्या जमिनीवर येऊन बसलेले वसाहतवाले ना? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : हो, बाळ. तुझं बरोबर आहे आणि मी ते तेव्हाच लिहायला हवं होतं. ज्या राजाने सेन्यरला जमीन दिली, त्याने ती मूळच्या लोकांना विचारून दिली नव्हती. सोरेलच्या जवळच, सँ-फ्राँस्वा नदीवर, ओदानाक इथे आबेनाकी लोक आजही राहतात. 1838 च्या नोव्हेंबरमध्ये काही पात्रिओत शस्त्रं मिळवायला मोहॉक या मूळ रहिवाशांच्या कानावाके गावावर चालून गेले, तेव्हा मोहॉकांनी त्यांनाच पकडून माँट्रियलला इंग्रजांच्या हवाली केलं. मोहॉकांच्या जागी उभं राहून बघ : दाराशी आलेला माणूस स्वातंत्र्याचा सैनिक आहे की आणखी एक बंदूकवाला, हे त्यांनी कशावरून ओळखायचं?

त्याच वर्षी फेब्रुवारीत वुल्फ्रेडचा भाऊ रॉबर्ट नेल्सन याने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता. त्यात मूळ रहिवाशांना इतरांसारखेच हक्क देण्याचं आणि सेन्यरची पद्धत मोडण्याचं वचन होतं. कागदावर का होईना, ते लिहिलं गेलं याला मी किंमत देते. पण त्याच पात्रिओतांच्या सभेने 1834 मध्ये बायकांचा मताधिकार काढून घेणारा कायदा केला होता. 1791 पासून मालमत्ता असलेल्या बायका तिथे मत देत होत्या. तो कायदा लंडनने रद्द केला, मात्र 1849 साली त्यांचा हक्क गेलाच. लहानपणी मी ज्या माणसांना नुसते वीर समजले असते, त्यांच्याबद्दल आता मला हे सगळं एका वेळी मनात धरावं लागतं. ते जड जातं, पण यातलं एकही मला खाली ठेवता येत नाही.

प्रश्न : बंडात ज्यांची घरं जळली त्यांना पुढे काही मिळालं का? — एक वाचक, पणजी

उत्तर : मिळालं, बारा वर्षांनी. 1849 मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला. तो गव्हर्नरने मंजूर केला म्हणून संतापलेल्या इंग्रजी जमावाने 25 एप्रिलच्या रात्री माँट्रियलमधली संसदेची इमारतच पेटवून दिली. गव्हर्नर मागे हटला नाही आणि निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा सल्ला मानायचा, ही रीत पक्की झाली. वुल्फ्रेड नेल्सन तोवर परत येऊन आमदार झाला होता. पुढे 1854 मध्ये तो माँट्रियलचा महापौर झाला.

चिपळूणच्या वाचकांनो, पुढच्या खेपेला जाल तर सँ-दनीहून पलीकडच्या सँ-आंत्वानला जाणाऱ्या तराफ्यावर नक्की बसा. तारेला बांधलेला तो तराफा गाड्यांसकट नदी ओलांडतो, फक्त हिवाळ्यात बंद असतो. लढाईच्या दिवशी याच पाण्यातून तेवीस वर्षांचा जॉर्ज-एतियेन कार्तिए दारूगोळा आणायला पलीकडे गेला होता. सँ-आंत्वान हे त्याचं जन्मगाव. तीस वर्षांनी, 1867 मध्ये, कॅनडा नावाचा देश घडवणाऱ्यांत तो पुढे होता. तराफ्यावर मध्यावर आलात की मागे वळून बघा, देवळाचे दोन्ही मनोरे एकदम दिसतात. घंटा तिथेच आहे.