रूट कॅनाल केलेली दाढ आणि तारकर्लीची डुबकी

प्रश्न : खालच्या दाढेचं रूट कॅनाल १० दिवसांपूर्वी पूर्ण झालं. वर तात्पुरतं सिमेंट आहे, कॅप पुढच्या महिन्यात. येत्या शनिवारी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग ठरलंय. पाण्याच्या दाबाने फिलिंग सुटेल का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : दाताच्या मुळात भरलेलं फिलिंग सहसा सुटत नाही. धोका वरच्या तात्पुरत्या सिमेंटला आहे. ते बदलल्याशिवाय कृपया पाण्यात उतरू नका.

समुद्रात १० मीटर खाली दाब दुप्पट होतो, हवेचं आकारमान निम्मं. मुळाच्या नळीत गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) आणि त्याभोवतीच्या फटी बुजवणारा सीलर भरलेला असतो. सीलरमध्ये राहिलेला बुडबुडा सगळीकडून बंद असेल तर दाताच्या कठीण भिंती त्याला सांभाळतात. त्रास होतो तो बाहेर उघडणाऱ्या बारीक फटीमुळे. खोलवर असताना तिच्यातून हवा आणि लाळ आत ढकलली जाते. वर येताना ती हवा फुगते, पण तेवढ्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. मग दाढ ठणकते, सिमेंट उचललं जातं, क्वचित कमकुवत दाढेचा तुकडाही उडतो. ठणका थांबतो, पण लाळेतले जंतू आतच राहतात आणि काही महिन्यांनी मुळाशी पुन्हा पू होऊ शकतो. आम्हाला काळजी याचीच जास्त वाटते.

तात्पुरतं सिमेंट किमान ३.५ मिलिमीटर जाड हवं. खाली कापसाचा बोळा मोठा राहिला की तेवढी जाडी मिळत नाही आणि चावताना सिमेंट दबून कडेने सुटतं. म्हणून शनिवारच्या आधी डेंटिस्टकडून बोळा काढून कंपोझिटचं (दातासारख्या रंगाच्या रेझिनचं) पक्कं फिलिंग करून घ्या. एक्स-रेही पाहायला सांगा : फिलिंग मुळाच्या टोकाच्या २ मिलिमीटरच्या आत पोचलेलं हवं, मध्ये काळ्या फटी नकोत. दाढेवर टिचकी मारल्यावर दुखत असेल तर डुबकी रद्द करा. तात्पुरती कॅप घालूनही जाऊ नका. ती सुटून श्वासनलिकेत जाऊ शकते.

नेहमी डायव्हिंग करणार असाल तर कॅप रेझिन सिमेंटने बसवायला सांगा. दाबाच्या चढउतारात झिंक फॉस्फेट आणि ग्लास आयोनोमर या सिमेंटची पकड ढिली होत असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

प्रश्न : रूट कॅनालनंतर त्याच रात्री विमानप्रवास चालेल? – एक वाचक, वाशी

उत्तर : शक्यतो २४ तास थांबा, रेझिनचा सीलर घट्ट व्हायलाच साधारण ८ तास लागतात. केबिनमधला दाब जमिनीपेक्षा जवळपास पाव हिस्सा कमी होतो, म्हणजे डुबकीपेक्षा फरक बराच कमी. विमान उतरताना वरच्या दाढा दुखल्या तर बहुधा सायनस भरलेलं असतं.