भुसावळच्या इंजिन ड्रायव्हरचं इंग्लंडातलं गाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजीचे वडील इंग्रज, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत भुसावळला इंजिन ड्रायव्हर, हाताशी फक्त नाव आणि एक पिवळा पडलेला फोटो. इंग्लंडातलं त्यांचं मूळ गाव पुण्यात बसून सापडेल का?

सापडू शकतं. माझ्या सासुरवाडीचं प्रकरण जवळपास असंच होतं. ते सुटायला दीड वर्ष गेलं आणि त्यातले आठ महिने मी स्वतःच्या घाईपायी घालवले. नाव बदलून सांगतो, विल्यम टेलर म्हणू. मी सरळ इंग्लंडच्या नोंदींत हे नाव टाकलं. ढीगभर विल्यम टेलर निघाले. त्यातला एक वयाने बरोबर बसला, म्हणून त्याची वंशावळ पार १७९० पर्यंत नेली. सासूबाईंना छापून दिली, त्यांनी फ्रेमही करून घेतली. मग एके रात्री मृत्यूच्या इंडेक्समध्ये दिसलं की आमचा हा खापरपणजोबा १८६८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षीच वारला होता. फ्रेम गुपचूप उतरवली.

म्हणून इंग्लंड अजून उघडूच नका. सुरुवात भुसावळपासून. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवायच्या अशी पद्धत होती. त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याच्या, दप्तरात आहेत. मुंबईच्या मालिकेचा क्रमांक एन/३, आणि ती १७०९ पासून सुरू होते. तिच्या प्रतिमा ‘फाइंडमायपास्ट’ या साइटवर पैसे भरून बघता येतात. ‘फिबिस’ या संस्थेच्या साइटवर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या नोंदींचा इंडेक्स फुकट चाळता येतो. तिथून सुरुवात करा, पैसे नंतर भरा. सगळ्या नकला पोचल्या असं मात्र नाही. नोंद तिथे नसेल तर मूळ चर्चमध्ये विचारावं लागतं.

आधी लग्नाची नोंद काढा. तिच्यात वराचं वय, हुद्दा आणि वडिलांचं नाव असतं, शिवाय ‘अविवाहित की विधुर’ असा रकाना असतो. तिथे ‘विधुर’ लिहिलेलं असेल तर एक आधीचं लग्न कुठेतरी शोधायचं आहे हे कळतं. आमच्याकडे लग्न १८८३ चं, वय २८, म्हणजे जन्म १८५४-५५ च्या आसपास. वडिलांचं नाव जॉन. जॉन टेलरचा मुलगा विल्यम टेलर म्हणजे आपल्याकडे पांडुरंगाचा मुलगा ज्ञानेश्वर. काहीच उलगडत नाही.

उलगडलं ते मुलांच्या बाप्तिस्म्यात. या नोंदीत जन्मतारीख, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा असतो. ते सगळं आम्ही वाचलं होतं, पण थोरल्या मुलाच्या नावाकडे लक्षच गेलं नव्हतं: जॉर्ज पिकर्सगिल टेलर. मधलं नाव बापाचं, या आपल्या सवयीने मी ते डोळ्याआड केलं होतं. इंग्रजांत मधल्या नावाच्या जागी पुष्कळदा आजीचं माहेरचं आडनाव बसवतात. पिकर्सगिल हे यॉर्कशरकडचं आडनाव. म्हणजे विल्यमची आई पिकर्सगिलांची असावी, हा अंदाज.

आता इंग्लंड. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तिचे दोन इंडेक्स वापरात आहेत. ‘फ्रीबीएमडी’ या साइटवरचा स्वयंसेवकांनी उतरवलेला, वापरायला सोपा, पण जन्माच्या इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच. जनरल रजिस्टर ऑफिसचा, म्हणजे सरकारी नोंदणी कचेरीचा, स्वतःचा इंडेक्स मात्र हे आडनाव १८३७ पासून देतो. फुकट खातं उघडा. एका वेळी ठरवलेल्या सालाच्या मागेपुढे दोनच वर्षं शोधता येतं, त्यामुळे कंटाळा येतो, पण टेलर आणि पिकर्सगिल एकत्र टाकल्यावर आमच्या वर्षांत एकच विल्यम उरला. जिल्हा हन्स्लेट, म्हणजे लीड्सला लागूनच, इंजिनं बांधणाऱ्या कारखान्यांचा भाग.

तरी इथे लगेच पेढे वाटू नका. फ्रेमचा धडा आठवून मी १८७१ चा सेन्सस, म्हणजे जनगणना, काढला. त्यात तो डॉन्कास्टरला एका घरी भाड्याने राहणारा, वय १६, काम ‘इंजिन क्लीनर’, जन्मगाव हन्स्लेट. डॉन्कास्टरला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा मोठा कारखाना होता. क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर, अशी तिथली चढती पायरी. १८८१ च्या सेन्ससमध्ये तो इंग्लंडात कुठेच नाही आणि १८८३ ला भुसावळात नवरदेव. तेव्हा कुठे मी सासूबाईंना फोन केला.

जन्मनोंदीचा इंडेक्स तिमाहीचा असतो, आणि ती तिमाही नोंदणीची, जन्माची नव्हे. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं पोर पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. आणि १८७५ पूर्वी नोंद न करणाऱ्यावर म्हणावी तशी सक्ती नव्हती. इंडेक्समध्ये नाव नाही म्हणजे माणूस जन्मलाच नाही असं नसतं.

१८३७ च्या मागे गेलात की पॅरिशची, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या हद्दीची, रजिस्टरं. ती ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण सगळीकडची इतकी जुनी टिकलेली नाहीत. १८१३ पासून बाप्तिस्म्याचा छापील तक्ता आला, बापाचा धंदा त्यात मिळतो, त्याआधी पाद्री लिहील तेवढं. यॉर्कशरात मेथडिस्ट, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या पंथाचे लोक, पुष्कळ, त्यांचे बाप्तिस्मे गावच्या चर्चात सापडतीलच असं नाही, त्यांच्या चॅपेलांची १८३७ पर्यंतची बरीच रजिस्टरं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये जमा आहेत. १८४१ च्या सेन्ससवर मात्र फार विसंबू नका: पंधराच्या वरच्यांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली उतरवली आहेत आणि जन्मस्थान म्हणून फक्त याच काउंटीचा (जिल्ह्याचा) की नाही एवढंच. गावाचं नाव १८५१ पासून. नाशिकच्या उपाध्यायासारखं आडनाव सांगितल्याबरोबर नामावळी उघडून देणारं तिथे कोणी नाही, सगळं आपणच जोडायचं.

आणि एक. आपल्या घरांत गोरा तो इंग्रज. तुमचे हे खापरपणजोबा स्कॉटिश किंवा आयरिश असू शकतात. स्कॉटलंडची नोंदणी वेगळी, १८५५ पासूनची, आणि तिथल्या नोंदी इंग्लंडपेक्षा भरघोस. आयरिश निघाले तर अवघड आहे, कारण १९२२ साली डब्लिनच्या दप्तरखान्याला लागलेल्या आगीत जुने सेन्सस आणि पुष्कळ पॅरिश रजिस्टरं जळाली. पणजीचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये झाला होता का, हे घरात कुणाला आठवतं का बघा. तसं असेल तर आयर्लंडची शक्यता वाढते, नक्की ठरत नाही.

पणजीच्या सगळ्या भावंडांची पूर्ण नावं एका कागदावर काढा, मधल्या नावांसकट. घरात त्यांना बेबी, डॉली, बाबा म्हणत असतील, ती नावं नकोत. यादी इथेच टाका, कुठलं मधलं नाव खरं तर आडनाव आहे ते मिळून बघू. आणि फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचाही फोटो काढून टाका.