उषाला नेमके कशातून सुटायचे होते?

प्रश्न : श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) नुकताच पाहिला. नायिका उषा ही सिनेनटी, ती स्वतः कमावते, नाव मिळवते, नवऱ्याचे घर सोडण्याचे धाडसही करते. अशी स्त्री त्या धनाढ्य काळेच्या वाड्यात जाऊन मुकाट्याने गृहिणी कशी होते? ही पटकथेतील विसंगती नव्हे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मला तसे वाटत नाही. उषाची कमाई म्हणजेच तिचे स्वातंत्र्य, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच गफलत होते. तिच्या लग्नाचा भाग आठवून पाहावा. आईचा विरोध पत्करून ती केशवशी लग्न करते, कारण आता स्टुडिओची पायरी चढावी लागणार नाही, चारचौघींसारखा संसार करता येईल, अशी तिची समजूत असते. आणि हाच केशव तिच्या कामाचे करार परस्पर ठरवू लागतो. घराबाहेर पडणे हे तिचे बंड नव्हतेच, ती घराची गरज होती. तिने पैसे तर आणावेत, पण पडद्यावरच्या नायकाशी असलेल्या ओळखीचा जाबही रोज रात्री द्यावा, असा हा मामला आहे.

येथे तिचे घराणेही ध्यानात घ्यावे लागते. चित्रपटाला आधार आहे तो अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या १९७० साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनाचा. (हे नाव त्यांच्याच १९५९ च्या, पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेल्या तमाशापटाचे.) कलावंतिणींच्या परंपरेतून आलेल्या अशा घरात गाणे ही वहिवाट होती आणि लग्न ही नवलाई. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, तो मंगळसूत्राचा संसार उषाच्या आजीच्या लेखी परकाच होता. ‘उंबरठा’ चित्रपटातील, घर सोडून नोकरीला जाणाऱ्या सुलभा महाजनला ओलांडायला एक प्रतिष्ठित उंबरठा तरी होता, उषाला तो आधी मिळवायचा होता.

काळेच्या वाड्यात तो मिळतो. अंथरुणाला खिळलेली पहिली पत्नी, सासू, लहान मुलगा, सगळे तिला घरची म्हणून स्वीकारतात आणि ती खरोखरच रमते. तिच्या या आनंदाला बेनेगल खोटे ठरवत नाहीत, म्हणून हा भाग मला सर्वांत धीट वाटतो. एखाद्या बेतलेल्या कथेत ती पहिल्या दिवसापासून घुसमटली असती. इथे निमित्त होते अगदी साध्या गोष्टीचे : त्या मुलाला घेऊन तिला जत्रेला जायचे असते. या घरातल्या बायका बाहेर जात नाहीत, एवढेच तिला ऐकवले जाते. जिने कॅमेऱ्यापुढे उभे राहून सारे घर पोसले, तिला जत्रेपर्यंत जाता येत नाही. प्रकाशनाच्या वेळी उषा साकारणाऱ्या स्मिता पाटील जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या, आणि या भूमिकेसाठी त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सुटकेचा मार्गही पाहण्यासारखा आहे. उषा पत्र लिहिते ते केशवलाच, आणि तो पोलिसांना घेऊन येतो. वाड्याचे दार उघडते ते तिच्या इच्छेमुळे नव्हे, कायद्याने ती अजून दुसऱ्याची बायको आहे म्हणून. ज्या लग्नातून ती पळाली होती, तेच तिला बाहेर काढते!

आपण शेवटाविषयी विचारलेले नाही, पण आपल्या शंकेचा एक धागा तिथेही आहे. मुंबईला परतल्यावर ती नवऱ्याकडे जात नाही, मुलगी आपल्याकडे राहायला बोलावते तिलाही नकार देते. पडद्यावरचा तिचा तो नायक, राजन, याचा फोन येतो. इतकी वर्षे राबून, एवढे नाव कमावून उषाला त्या दिवशी उतरायला मिळते ती हॉटेलातली एक भाड्याची खोली.