सासऱ्यांचं सिको फाइव्ह घड्याळ नेमकं कुठलं आणि त्याला चेन कुठली बसेल?

प्रश्न: नमस्कार. माझे सासरे दुबईला नोकरीला होते, १९८४ ला कायमचे परत आले तेव्हा हातात सिको फाइव्ह ऑटोमॅटिक घड्याळ होतं, ते आता कपाट आवरताना सापडलं. डायल निळी आहे, चावी चारच्या आकड्याजवळ, वार कधी इंग्रजीत दिसतो कधी अरबीत. मागच्या झाकणावर ७००९ आणि पुढे अजून चार अक्षरं आहेत, शिवाय एक सहा आकडी नंबर आहे तो २५ ने सुरू होतो. चावी कितीही फिरवली तरी भरतच नाही, म्हणजे खराब झालंय का? चेन तर तुटलेलीच आहे. एका दुकानात दाखवलं, ते म्हणाले आमच्याकडे २० मिलिमीटरची चेन आहे, कान (चेन अडकते ती घड्याळाची टोकं) आतून जरा घासून बसवून देतो आणि डायल पण नवी करून देतो. नवऱ्याला वाढदिवसाला द्यायचंय, काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, सगळ्यात आधी, ते कान अजिबात घासू देऊ नका! चेन शंभर मिळतील पण एकदा घासलेला स्टीलचा कान परत भरून येत नाही, आणि मग त्या घड्याळाला त्याच्या मापाची चेन कधीच नीट बसणार नाही, कायम खुळखुळत राहील. डायलचंही तेच, नवी करू नका, त्याचं खाली सांगते.

आता घड्याळ कुठलं ते बघू. ओळख समोरून नाही, मागून पटते. ७००९ हा आतल्या मशीनचा नंबर, १७ ज्वेलचं (आत झीज कमी करणारे बारीक खडे असतात ते) ऑटोमॅटिक, आणि डॅशनंतरची चार अक्षरं म्हणजे केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डब्याचा नंबर. काच, चावी, चेन काहीही शोधताना हे दोन्ही मिळून सांगायचं, नुसतं 'सिको फाइव्ह' म्हटलं तर काही उपयोग नाही, या नावाखाली असंख्य मॉडेल निघालीत. सहा आकडी नंबरातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिना, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. म्हणजे २५ म्हणजे मे महिना, आणि वर्ष १९७२, १९८२ किंवा १९९२. ७००९ मशीन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेलं, त्यामुळे ७२ बाद, आणि सासरे ८४ लाच परत आले त्यामुळे ९२ पण बाद. तुमचं घड्याळ मे १९८२ चं आहे. अरबी वार पण त्याच गोष्टीला दुजोरा देतो, आखाती देशांत विकायला जी घड्याळं जायची त्यांच्यात वाराची ती चकती असायची. ती कधीही बदलू नका, ते घड्याळ कुठून आलं याचा तोच पुरावा आहे.

डायल खरी आहे का ते बघायला भिंग घ्या आणि सहाच्या खाली अगदी कडेला बघा, तिथे बारीक अक्षरात जपान आणि एक नंबर असतो. त्यातले पहिले चार आकडे ७००९ असायला हवेत, पुढचे झाकणावरच्यापेक्षा वेगळे असले तरी घाबरू नका, ते तसेच असतात. आपल्याकडे जुन्या सिकोंच्या डायली रंगवून विकायचा मोठा धंदा आहे, भडक रंग, जाड पुसट अक्षरं, तो बारीक नंबरच गायब, अशी घड्याळं ढिगाने मिळतात. तुमची जर मूळची असेल तर डाग असले तरी तीच ठेवा, मला तर थोडी उडालेली मूळ डायलच केव्हाही जास्त आवडते.

चावी भरत नाही कारण हे मशीन चावीने भरायचं नाहीच! आत एक अर्धगोल वजन फिरतं आणि स्प्रिंग भरली जाते, त्यामुळे घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट हळूहळू डावीकडे उजवीकडे हलवा, चालू लागेल बहुतेक. पण लगेच रोज वापरू नका, इतक्या वर्षांत आतलं तेल सुकलेलं असणार, आधी चांगल्या घड्याळजीकडून ऑइलिंग करून घ्या. तारीख वार चावी एक टप्पा ओढून फिरवली की बदलतात, फक्त रात्री नऊ ते पहाटे चार बदलू नका, त्या वेळात गिअर एकमेकांत गुंतलेले असतात आणि दात तुटू शकतात. आणि पाण्यापासून लांब, झाकणावर काहीही लिहिलेलं असो, पाणी अडवणारं झाकणाचं रबर कधीच कडक झालंय.

आता चेन. दोन कानांमधलं अंतर आतून मोजा, पट्टीने नको, व्हर्नियर कॅलिपरने, कारण या जुन्या सिकोंमध्ये १८ मिलिमीटर पण असतं आणि १९ पण, आणि दुकानात १९ ची चेन सहज मिळत नाही म्हणून लोक १८ ची घालतात किंवा २० ची कोंबतात. चामड्याचा पट्टा एक मिलिमीटर दबून बसतो, स्टील दबत नाही. तुटलेली चेन टाकू नका, क्लास्पच्या (चेन बंद करायच्या चापाच्या) आत बघा, सिको किंवा स्टेलक्स (सिकोसाठी चेनी बनवणारी कंपनी) लिहिलेलं असेल तर ती मूळची असू शकते आणि नुसती कडी किंवा पिन गेली असेल तर जोडता येते. त्या काळच्या चेनी पत्रा दुमडून केलेल्या असतात, वजनाला हलक्या, त्यामुळे नवीन भरीव जाडजूड चेन त्या घड्याळावर मला तरी शोभत नाही. नवीनच घ्यायची तर नेमक्या मापाची, सरळ टोकाची, पातळ अशी बघा, वाकड्या टोकाची चेन त्याच केस नंबरसाठी बनवलेली असेल तरच बिनफटीची बसते. स्प्रिंगच्या पिना मात्र नवीन घाला, त्या काही रुपयांच्या असतात आणि जुनी पिन निसटली की घड्याळ थेट फरशीवर.

वाढदिवस जवळ आला असेल आणि १९ ची चेन मिळालीच नाही तर साधा काळा किंवा तपकिरी चामड्याचा पट्टा लावून द्या, चेन नंतर निवांत शोधा.

प्रश्न: ऑटोमॅटिक रोज घातलं नाही तर बिघडतं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: नाही. पूर्ण भरलेलं घड्याळ साधारण चाळीसेक तास चालतं आणि मग थांबतं एवढंच. परत घालताना हलवा आणि वेळ लावा.