वाचकांचे प्रश्न : परत न आलेली विमाने

प्रश्न : उत्तर लंडनमधील हेंडन येथे रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात मी दुसऱ्या महायुद्धातील लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान पाहिले. प्रत्येक मोहिमेमागे बॉम्बचे एक लहान चित्र, अशी शंभराहून अधिक चित्रे त्याच्या नाकाजवळ रंगवलेली आहेत. एकच विमान इतक्या वेळा सुखरूप परतत होते, तर या विमानांवरील जवळजवळ निम्मी माणसे मारली गेली हे खरे कसे मानावे?
— एक वाचक, नाशिक

आपण ज्या विमानापुढे उभे होता, त्याचा क्रमांक आर ५८६८. त्याच्या नावावर १३० हून अधिक मोहिमांची नोंद आहे. परंतु हे विमान संग्रहालयात पोहोचले ते परत येत राहिले म्हणूनच, आणि त्याच्याकडे पाहून इतरांचा अंदाज बांधताना नेमकी हीच गोष्ट नजरेतून निसटते. एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली आणि त्यांपैकी ३,२४९ विमाने प्रत्यक्ष मोहिमांत नष्ट झाली. शंभर मोहिमांचा टप्पा गाठणारी विमाने पस्तीसच्या आसपासच होती. जी पहिल्या, तिसऱ्या किंवा सातव्या मोहिमेत नष्ट झाली, त्यांच्या अंगावर रंगवण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि ती पाहायला मिळतील असे ठिकाणही नाही.

निम्म्या माणसांचा आकडा अतिशयोक्त नाही. बॉम्बर कमांड या ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात सुमारे १,२५,००० जणांनी विमानांवर काम केले आणि त्यांपैकी ५५,५७३ मरण पावले, म्हणजे शेकडा ४४. आणखी ८,४०३ जखमी झाले आणि ९,८३८ युद्धकैदी झाले. हे सगळे स्वेच्छेने या कामावर आलेले होते. मृतांत सुमारे १०,००० कॅनेडियन होते, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर आणि पोलिश तरुणही होते. मृत्युसमयी त्यांचे सरासरी वय २३ वर्षांच्या आसपास होते. आठ हजारांहून अधिक जण तर शत्रूच्या माऱ्याने नव्हे, प्रशिक्षणातील आणि इतर अपघातांत गेले, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण त्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही.

एवढे मृत्यू कसे झाले, याचे गणित शाळेतल्या चक्रवाढ व्याजासारखे आहे, फक्त उलट दिशेने चालणारे. एका रात्री शंभर विमाने गेली आणि चार परतली नाहीत, तर मुख्यालयातील तक्त्यावर ‘हानी चार टक्के’ अशी नोंद होई, आणि ती सोसण्याजोगी मानली जाई. पण प्रत्येक चमूला पहिल्या फेरीत ३० मोहिमा पूर्ण कराव्या लागत. दर वेळी उरलेल्यांतून शेकडा चार वजा करत गेल्यास तीस मोहिमांच्या शेवटी शंभरांपैकी जेमतेम २९ चमू शिल्लक राहतात. हानी पाच टक्के धरली तर २१. नोव्हेंबर १९४३ ते मार्च १९४४ या काळात बर्लिनवर जे हल्ले झाले, त्यांत हानीचे सरासरी प्रमाण पाच टक्क्यांच्याही वर होते. मुख्यालयासाठी तो एका रात्रीचा आकडा होता, आणि विमानातील सात जणांना मात्र तोच आकडा पुन्हा पुन्हा पार करायचा होता. या विषयावर बोलताना टक्केवारी कोणाच्या बाजूने मोजली आहे, हे आधी विचारावे असे मला मनापासून वाटते.

त्याच विमानाशी जोडलेले एक मराठी नावही सांगायला हवे. मुख्य ताफ्याच्या पुढे जाऊन लक्ष्यावर खुणा टाकणाऱ्या पाथफाइंडर दलातील ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे नॅव्हिगेटर होते आणि त्यांनी आर ५८६८ मधून मोहिमा केल्या होत्या. अंधारात, नकाशा आणि यंत्रांच्या आधाराने, शेकडो मैल दूरच्या लक्ष्यापर्यंत विमान नेणे आणि परत आणणे हे त्यांचे काम होते. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले आणि ते युद्धातून सुखरूप परतले. पुन्हा हेंडनला जाणे झाले, तर नॅव्हिगेटरच्या त्या अरुंद मेजाची जागा अवश्य पाहावी.

प्रश्न : परतलेल्या विमानांवर जेथे गोळ्यांची भोके होती तेथे नव्हे, तर जेथे नव्हती तेथे चिलखत लावा, असे एका गणितज्ञाने सांगितल्याची गोष्ट मी वर्गात सांगते. ती खरी आहे का?
— गणिताच्या एक शिक्षिका, कोल्हापूर

गोष्टीचा गाभा खरा आहे, सजावट नंतरची आहे. गणितज्ञाचे नाव अब्राहम वाल्ड. मध्य युरोपातील ज्यू कुटुंबात १९०२ साली जन्मलेले वाल्ड १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेले आणि युद्धकाळात कोलंबिया विद्यापीठातील संख्याशास्त्र संशोधन गटात काम करू लागले. तेथे १९४३ मध्ये त्यांनी टिपणांची एक मालिका लिहिली. परतलेल्या विमानांवरील मारा पाहून न परतलेल्या विमानांविषयी काय अनुमान काढता येते, हा तिचा विषय होता, कारण जेथे गोळी लागलेली विमाने परततच नाहीत, तेथे परतलेल्यांवर भोके दिसत नाहीत. विमानाच्या अमुक भागाला गोळी लागली तर ते पडण्याची शक्यता किती, हे त्यांनी सूत्रांतून मांडले. सेनाधिकाऱ्यांना एका वाक्यात निरुत्तर केल्याचा नाट्यमय प्रसंग त्या टिपणांत नाही, आणि विमानाच्या आकृतीवर गोळ्यांच्या जागी लाल ठिपके दाखवणारे जे चित्र सर्वत्र दिसते तेही युद्धकाळातील नव्हे, ते अलीकडे समजावण्यासाठी काढलेले आहे. वर्गात गोष्ट जरूर सांगावी, फक्त या दोन बाबी वेगळ्या काढून सांगाव्यात. वाल्ड यांचा शेवटही विमान अपघातातच झाला, आणि तोही आपल्या देशात. व्याख्यानांसाठी ते भारतात आले होते. १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरांत विमान कोसळून ते आणि त्यांच्या पत्नी मरण पावल्या.

विद्यार्थ्यांना याच्या जोडीने आणखी एक हकिकत सांगता येईल, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. फ्रीमन डायसन हे पुढे प्रसिद्ध झालेले भौतिकशास्त्रज्ञ वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात रुजू झाले. पडलेल्या विमानांतून किती माणसे हवाई छत्रीने उडी मारून वाचतात, याचा हिशेब त्या विभागाने केला, तेव्हा दिवसा उडणाऱ्या अमेरिकन विमानांतून सुमारे निम्मी, हॅलिफॅक्स या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानातून सुमारे पाव, आणि लँकेस्टरमधून शेकडा १५ च्या आसपास माणसे वाचत असल्याचे दिसले. अमेरिकन विमाने उजेडात पडत, त्यामुळे तो फरक काही अंशी समजण्यासारखा होता. पण हॅलिफॅक्स आणि लँकेस्टर दोन्ही अंधारातच पडत. मग हा फरक का? हॅलिफॅक्सचे बाहेर पडण्याचे झाकण २४ इंच रुंद होते, तर लँकेस्टरचे २२ इंच. जाड उबदार कपडे, त्यावर पट्टे आणि छातीशी छत्रीची घडी, अशा अवस्थेत, गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानाच्या अंधारात त्या दोन इंचांना केवढे महत्त्व असेल, याची कल्पना करावी. झाकण मोठे करावे म्हणून डायसन यांच्या एका सहकाऱ्याने सतत पाठपुरावा केला. निर्णय होऊन बदल अमलात येईपर्यंत युद्ध संपत आले होते. लँकेस्टर हे वेगाने आणि भाराने उत्तम विमान होते यात शंका नाही, पण त्याची थोरवी सांगताना हे दोन इंच गाळणे मला अन्यायाचे वाटते.

अनुभवी चमू नवख्यांपेक्षा अधिक सुरक्षित असतो, असे चमूंना सांगितले जाई. डायसन यांना आकड्यांत त्याचा पुरावा सापडेना. त्याचे कारण पुढे उलगडले. १९४३ च्या उत्तरार्धापासून जर्मन रात्रीच्या लढाऊ विमानांवर तिरक्या, वरच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफा बसवल्या जाऊ लागल्या होत्या. ही विमाने लँकेस्टरच्या पोटाखाली येत आणि पंखातील इंधनटाक्यांवर मारा करत. खाली पाहण्याची सोयच नसल्याने अनुभवी तोफचीलाही ती दिसत नसत.

प्रश्न : सर्वांत वाईट रात्र कोणती?
— एक वाचक, सातारा

३० मार्च १९४४ ची रात्र. जर्मनीतील न्युरेम्बर्गवर ७९५ विमाने पाठवली गेली आणि ९५ परतली नाहीत, म्हणजे जवळजवळ शेकडा १२. त्यांत ६४ लँकेस्टर आणि ३१ हॅलिफॅक्स होती. आकाशात चंद्र होता. मार्गाचा मोठा टप्पा सरळ रेषेत आखलेला होता, आणि थंड हवेमुळे विमानांच्या मागे पांढरे पट्टे उमटत होते, त्यामुळे शोधणाऱ्याला फार शोधावे लागले नाही. वाऱ्याचा अंदाज चुकल्याने अनेक विमाने भरकटली, लक्ष्यावर ढग होते, आणि कित्येक बॉम्ब श्वाइनफुर्ट या दुसऱ्याच शहराच्या परिसरात पडले. त्या एका रात्री सुमारे ५४५ जण मेले. १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत फायटर कमांडचे, म्हणजे लढाऊ विमानांच्या विभागाचे, जेवढे वैमानिक काही महिन्यांत गेले, जवळपास तेवढेच.

त्या रात्रीचे सिरिल बार्टन यांचे नाव विसरता येत नाही. वय २२. त्यांच्या हॅलिफॅक्सवर लक्ष्याच्या अलीकडेच हल्ला झाला, आपसांत बोलण्याची यंत्रणा बंद पडली, आणि खुणेचा अर्थ चुकीचा लागल्याने नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा आणि बिनतारी संदेशवाहक या तिघांनी उड्या मारल्या. बार्टन तरीही पुढे गेले, बॉम्ब टाकले, आणि नॅव्हिगेटरविना, बिघडलेल्या इंजिनांवर इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत विमान आणले. संडरलँडजवळ रायहोप येथे इंधन संपले. घरे चुकवत त्यांनी विमान उतरवण्याचा प्रयत्न केला. सोबतचे तिघे वाचले, बार्टन गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

प्रश्न : ज्यांनी शहरे जाळली त्यांच्याविषयी एवढी हळहळ का बाळगावी?
— एक वाचक, बेळगाव

प्रश्न रास्त आहे. १९४३ च्या जुलैअखेरीस एकट्या हॅम्बर्गमध्ये तीस हजारांहून कितीतरी अधिक नागरिक मेले, आणि वस्त्यांवर बॉम्ब टाकण्याचे धोरण जाणीवपूर्वक आखलेले होते. ते धोरण आखणारे आणि विमानात बसणारे वेगळे होते, एवढेच म्हणून मी विमानातील माणसांना पूर्ण मोकळे करणार नाही. परंतु दोन्ही बाजूंचे मृत एकत्र मोजल्याने कोणाचेही दुःख कमी लेखले जात नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये बॉम्बर कमांडचे स्मारक युद्धानंतर ६७ वर्षांनी, २०१२ मध्ये उभे राहिले. त्यावरील लेखात १९३९ ते १९४५ मधील बॉम्बफेकीत प्राण गमावलेल्या सर्व देशांच्या माणसांचे स्मरण केलेले आहे, आणि मला ते योग्य वाटते.

प्रश्न : ‘बेपत्ता’ म्हणून कळवलेल्यांचे पुढे काय झाले?
— एक वाचक, पुणे

तार येई ती बहुधा ‘बेपत्ता’ या शब्दाची. मुलगा कैदेत आहे, लपला आहे की मेला आहे, हे घरच्यांना महिनोन्‌महिने कळत नसे. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाच्या अशा बेपत्तांची संख्या सुमारे ४१,९०० होती. त्यांचा माग काढण्यासाठी एक स्वतंत्र शोधसेवा उभारली गेली. तिच्या तुकड्या फ्रान्स, हॉलंड, डेन्मार्क, जर्मनी अशा देशांत गावोगाव हिंडल्या. पाद्री आणि गावप्रमुखांच्या नोंदी, इंजिनावरील क्रमांक, कपड्यांवरील धोब्याची खूण, बुटाचा आकार, एवढ्यावरून नावे जुळवली जात. सुमारे २४,००० जणांच्या कबरी निश्चित झाल्या, नऊ हजारांहून अधिक समुद्रात गेल्याची नोंद झाली. ज्यांची कबरच नाही अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावे लंडनबाहेर रनिमीड येथील स्मारकावर कोरलेली आहेत. १९५३ मध्ये त्याचे अनावरण झाले.

विमान आदळून पेटल्यावर कोणता देह कोणाचा, हे पुष्कळदा सांगता येत नसे. अशा चमूला एकाच कबरीत ठेवले जाई. म्हणून या स्मशानभूमींत फिरताना कोठे कोठे पाच, सहा किंवा सात शिळा मध्ये अंतर न सोडता एकमेकींना चिकटून लावलेल्या दिसतात.