विचारा तर खरं : तुळयांवरच्या रेघा आणि बुजवलेली खिडकी

प्रश्न : लेकीकडे फ्रान्सला गेले होते तेव्हा एका खेड्यात १६व्या शतकातलं एका दुकानदाराचं घर पाहिलं, खाली दुकान वर बिऱ्हाड, अगदी आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यासारखं. पण तुळयांवर जिथेतिथे छिन्नीने ओढलेल्या रेघा, कुठे दोन, कुठे तीन, कुठे फुली. काही मंत्रतंत्र होतं का? आणि वरची एक चांगली मोठी खिडकी दगडविटांनी बुजवलेली, ती का? गाईड फ्रेंचमध्ये बोलत होता आणि लेक बाळाला घेऊन बाहेर, त्यामुळे विचारायचं राहिलं. (आमचाही वाडा आता उतरवायचाय, म्हणून जास्तच डोक्यात राहिलंय.)
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, मंत्रतंत्र काही नाही, फुली म्हणजे दहा! ते रोमन आकडे आहेत, सुतारांचे. तिकडे घराचा अख्खा लाकडी सांगाडा आधी सुतार आपल्या अंगणात जमिनीवर आडवा मांडायचे, एकेक खाच आणि तिच्यात बसणारी कूस (लाकडाचं पुढे काढलेलं टोक) जुळवून बघायचे, जुळलेल्या दोन्ही लाकडांवर एकच आकडा कोरायचे, मग सगळं सोडवून गाडीवर घालून जागेवर नेऊन उभं करायचे. ओकचं लाकूड हाताने तासलेलं, प्रत्येक सांधा वेगळा, त्यामुळे सातव्याची कूस आठव्याच्या खाचेत बसेलच असं नाही. आणि चार लिहायला सरळ चार रेघाच, कारण रोमन चार उलटा धरला की सहा दिसतो आणि तुळई काय, कशीही पडलेली असते.

आता आपल्याकडचं आठवा. शटर यायच्या आधी दुकानं फळ्यांची होती ना? खोबणीतून एकेक फळी सरकवायची, मागे तेलरंगात १, २, ३ घातलेले, शेवटच्या फळीला कडी-कुलूप. घाईत पाचाच्या जागी सहा घातली की शेवटची काही केल्या बसायची नाही, मग सगळ्या परत काढा, आणि आतून वडिलांचा आवाज! तीच युक्ती, फक्त आपली रोज रात्रीची आणि त्या सुतारांची एकदाच.

खिडकीचं बहुतेक टॅक्समुळे. फ्रान्समध्ये १७९८ पासून पार १९२६ पर्यंत दारं-खिडक्या मोजून कर घ्यायचे. मग लोकांनी काय केलं, खिडक्याच बुजवल्या. अंधारात बसले, पण पैसे वाचले. नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

तुमचा वाडा उतरवताना मात्र एक करा, कोरलेले खांब आणि तुळया भंगारवाल्याच्या टेम्पोत चढायच्या आधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच नंबर टाका, फोटो काढा. आणि खडूने नको, तेलरंगाने टाका, पहिल्याच पावसात खडू जातो.