‘आई, परत येऊ का?’

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये टोरांटोला गेली. नोव्हेंबरपासून फोनवर रडते, ‘परत येऊ का?’ विचारते. काय बोलू? – एक आई, दादर

उत्तर : ताई, पहिले दोन-तीन महिने नवलाईचे असतात; खरी हुरहुर त्यानंतर लागते. त्यात डिसेंबरात तिथे पावणेपाचलाच सूर्य मावळतो आणि उजेड कमी झाला की मनही खचतं. तिला रोज सकाळी अर्धा तास उजेडात चालायला सांगा.

‘रडू नकोस’ म्हणू नका. ‘आज जेवलीस काय? कुणाशी बोललीस?’ असं विचारा. दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवू नका. त्यामुळे ती शरीराने तिथे आणि मनाने दादरलाच राहते. वेळ ठरवा. हिवाळ्यात आपल्या सकाळी साडेआठला तिचे रात्रीचे दहा वाजतात. परतीचा निर्णय रडण्याच्या भरात नको, तारीख ठरवून मार्चमध्ये घ्या.

झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं, तर विद्यापीठाच्या किंवा तिथल्या समुपदेशकाकडे जायलाच हवं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर कॅनडात 988 वर लगेच फोन करायचा. आणि तुमचाही जीव टांगणीला लागलाय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.